येर्बा माते औषध म्हणून घ्यायची असेल तर: किती घ्यायची, किती गरम, कुणी आणि कधी

येर्बा माते या दक्षिण अमेरिकेतल्या चहासारख्या पेयाबद्दल वाचायला गेलं की दोनच प्रकारची मतं दिसतात. एक म्हणजे वजन उतरतं, कोलेस्टेरॉल कमी होतं, दिवसभर एनर्जी राहते आणि कॉफीसारखी छातीत धडधड पण होत नाही. दुसरं म्हणजे यानं अन्ननलिकेचा कॅन्सर होतो, हात लावू नका. दोन्हीत थोडं खरं आहे आणि दोन्ही अर्धवट आहे, कारण मातेचा फायदा होणार की नुकसान हे चार गोष्टींवर ठरतं: पानं कशी सुकवली, एकूण कॅफिन किती गेलं, पाणी किती गरम आणि पिणाऱ्याची तब्येत आणि चालू औषधं काय. म्हणून हा लेख त्याच क्रमानं लिहिलाय, घाई असली तरी तापमानाचा आणि औषधांचा भाग सोडू नका.

आधी हे आहे काय ते

माते म्हणजे इलेक्स पॅराग्वारिएन्सिस नावाच्या सदाहरित झाडाची सुकवलेली पानं आणि बारीक काड्या, त्यांनाच येर्बा म्हणतात आणि त्यांच्या पेयाला माते. आपल्या नेहमीच्या चहाशी या झाडाचं काही नातं नाही, हे होली कुळातलं झाड. मूळचं पराग्वे, ईशान्य अर्जेंटिना आणि दक्षिण ब्राझीलच्या जंगलातलं, आणि ग्वारानी लोक युरोपियन लोक तिकडे पोचायच्या कितीतरी आधीपासून ते वापरत होते. सतराव्या शतकात जेझुइट मिशनऱ्यांनी त्याची लागवड बसवली, पण १७६७ मध्ये स्पेनच्या राजानं त्यांना हाकलल्यावर ती मागे पडली आणि पुन्हा जंगलातनंच पानं तोडायचे दिवस आले. आज अर्जेंटिनातली जवळपास सगळी लागवड मिसियोनेस आणि कोर्रिएन्तेस या दोन प्रांतांत आहे, आणि माणशी हिशोब केला तर सगळ्यात जास्त माते पितात ते उरुग्वेचे लोक, थर्मास काखेत मारूनच रस्त्यानं फिरतात.

पानात मुख्य काम करणारं द्रव्य कॅफिन, सुक्या पानाच्या वजनाच्या साधारण १ ते २ टक्के. त्याच्याबरोबर कोको बियांत असतं ते थिओब्रोमिन थोडं, थिओफायलिन अगदी नावाला, क्लोरोजेनिक ॲसिडसारखी भरपूर पॉलिफेनॉल्स, आणि सॅपोनिन्स, ज्यांच्यामुळे वर फेस येतो आणि कडवटपणा लागतो. पाकिटावर कधीकधी लिहिलेलं असतं की यात कॅफिन नाही, ‘मटाईन’ नावाचं वेगळं सौम्य द्रव्य आहे. असं काही नाहीये, मटाईन म्हणजे तेच कॅफिन, तोच रेणू. ज्याला डॉक्टरनी कॅफिन बंद सांगितलंय त्यानं या वाक्यावर विश्वास ठेवून माते प्यायली तर त्रास त्यालाच होणार, त्यामुळे असं लिहिलेलं पाकीट मी तरी घेणार नाही.

पायरी १: कुठली येर्बा घ्यायची

पानं तोडली की लगेच काही सेकंद ज्वाळेवरनं काढतात, म्हणजे ती काळी पडत नाहीत, याला सापेकादो म्हणतात. मग सुकवायचं. पारंपरिक बार्बाकुआ पद्धतीत लाकडाच्या विस्तवाच्या गरम हवेवर तासनतास सुकवतात आणि धूर पानात बसतो, चव मस्त धुरकट येते पण त्या धुराबरोबर पीएएच गटातली रसायनं पण पानावर बसतात, आणि त्यातलं बेंझोपायरिन हे माणसात कॅन्सर करणारं म्हणून सिद्ध झालेलं आहे. सिगारेटच्या धुरात असतं तेच. बाजारातल्या मातेच्या तपासण्यांत ही रसायनं बऱ्यापैकी सापडलेली आहेत, आणि पानातली बऱ्यापैकी पेयात उतरतात, पाणी गरम असो की गार. म्हणून औषध म्हणून रोज घ्यायचा विचार असेल तर पाकिटावर ‘धूरविरहित’ किंवा नुसत्या गरम हवेनं सुकवलेली असं स्पष्ट लिहिलेलीच येर्बा घ्या. चव थोडी गवताळ लागते, चालतंय.

काड्यांसकट असलेलीला ‘कोन पालो’ म्हणतात, काड्या जवळपास काढून टाकलेलीला ‘सिन पालो’. काड्यांत कॅफिन कमी असतं, त्यामुळे नव्या माणसानं कोन पालोनं सुरुवात करावी. ब्राझीलची हिरवीगार, पावडरसारखी बारीक येर्बा शिमार्राउंसाठी, म्हणजे तिकडच्या पद्धतीच्या गरम मातेसाठी असते, ती मुरवत नाहीत, आणि बारीक असल्यामुळे साध्या गाळणीतनं खाली येते. ‘कोम्पुएस्ता’ म्हणजे पुदिना वगैरे इतर वनस्पती घातलेली, ती घेताना यादी वाचा कारण त्या वनस्पतींचे पण स्वतःचे परिणाम असतात.

आणि सुटी, लेबल नसलेली येर्बा नको. हे उगीच सांगत नाहीये. १९९४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘पराग्वे टी’ म्हणून विकलेला चहा पिऊन तीन कुटुंबांतली सात माणसं आजारी पडली, तपासल्यावर त्या चहात बेलाडोनाच्या जातीची विषारी अल्कलॉइड्स सापडली. तोंडाला कोरड, अंग तापणं, लाल होणं, बाहुल्या मोठ्या होणं, बडबड करणं ही त्या विषबाधेची लक्षणं. कुठलाही हर्बल चहा प्यायल्यावर असं झालं तर सरळ इमर्जन्सी, आणि उरलेला चहा पाकिटासकट बरोबर न्यायचा.

पायरी २: कॅफिनचा हिशोब आधी कागदावर

‘एक कप माते’ म्हणजे किती कॅफिन याचं एकच उत्तर नाही, आणि बहुतेक लोक इथेच गंडतात. टी बॅगमध्ये दोन-तीन ग्रॅम पान असतं, पारंपरिक पद्धतीत माते ज्यातून पितात त्या सुकवून पोकळ केलेल्या भोपळ्यात चक्क ४०-५० ग्रॅम बसतं आणि त्यावर अर्धा-एक लिटर पाणी थोडं थोडं करून ओततात. आता १ टक्का धरला तरी ५० ग्रॅममध्ये ५०० मिलीग्रॅम कॅफिन झालं. सगळं पाण्यात उतरत नाही हे खरं, पण एका बैठकीत अख्खा थर्मास संपवला तर मोठा वाटा पोटात जातोच. टी बॅगचं मात्र फार तर ३०-४० मिलीग्रॅम. म्हणजे दोघंही ‘मी माते पितो’ म्हणणार आणि फरक दहापट.

युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनं, ईएफएसएनं, २०१५ मध्ये घातलेली मर्यादा मी धरतो: निरोगी मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून ४०० मिलीग्रॅमपर्यंत, एकावेळी २०० पर्यंत, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला दिवसाला २०० पर्यंत. यात चहा, कॉफी, कोला, चॉकलेट, एनर्जी ड्रिंक, आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांमधलं कॅफिन पण मोजायचं. मातेचं वेगळं खातं नसतं.

म्हणून येर्बा चमच्यानं नाही, काट्यावर मोजा. पहिला आठवडा सकाळी एकदाच, २ ग्रॅम पान २०० मिली पाण्यात. दुसऱ्या आठवड्यात तब्येत ठीक असेल, झोप नीट असेल तर ४-५ ग्रॅम. त्यापुढे दिवसातनं दोनदा. दिवसाला १० ते १५ ग्रॅमच्या पुढे जायची औषध म्हणून तरी काही गरज नाही, आणि तेवढी घ्यायची झाली तर चहा-कॉफी त्या प्रमाणात कमी करायची.

पायरी ३: तापमान, ज्यावर सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं

कॅन्सरची गोष्ट नीट समजून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था आयएआरसी, तिनं १९९१ मध्ये ‘गरम माते पिणं’ हे माणसात बहुधा कॅन्सर करणारं असं वर्गीकरण केलं होतं, कारण दक्षिण ब्राझील, उरुग्वे या भागात अन्ननलिकेचा कॅन्सर जास्त दिसायचा आणि मातेचं प्रमाण आणि धोका बरोबरीनं वाढताना दिसत होता. मग २०१६ मध्ये पुन्हा सगळे पुरावे बघितले आणि निष्कर्ष बदलला: ६५ अंश सेल्सिअसच्या वर असलेलं कुठलंही पेय पिणं हे बहुधा कॅन्सरकारक, आणि फार गरम नसलेली माते ‘वर्गीकरण करता येत नाही’ या गटात. मथितार्थ असा की चटका मुख्य आरोपी आहे. अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराला रोज भाजायचं, ते भरून यायच्या आत परत भाजायचं, असं वर्षानुवर्षं चाललं की पेशी बिघडायची शक्यता वाढते. त्यात सिगारेट आणि दारू असेल तर धोका आणखी चढतो, अशा माणसानं तर कडक गरम माते अजिबात घेऊ नये.

मातेत हा प्रश्न साध्या चहापेक्षा जास्त आहे त्याचं कारण बोम्बिया, म्हणजे गाळणी असलेली धातूची नळी. कपातनं पिताना ओठ आणि जीभ आधी चटका ओळखतात, फुंकर मारतो, छोटा घोट घेतो. नळीतनं गरम पाणी थेट जिभेच्या मागच्या बाजूला पोचतं आणि कळायच्या आत गिळलं जातं. अर्जेंटिनात पाणी ७० ते ८० अंशांचं घेतात, भोपळ्यात ओतल्यावर ते थोडं उतरतं हे मान्य, पण किती उतरलं ते तुम्हाला दिसत नाही.

त्यामुळे स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या आणि पिताना पेय ६० च्या खाली आहे हे बघा. थर्मामीटर नसेल तर साधा हिशोब: उकळतं पाणी आणि खोलीच्या तापमानाचं पाणी समसमान मिसळलं की साधारण साठ-बासष्ट अंश होतं, आणि भांड्यात ओतल्यावर अजून खाली येतं. दोन भाग उकळतं आणि एक भाग साधं केलं तर पंच्याहत्तर, ते पिण्यासाठी जास्त झालं. कोमट पाण्यात अर्क उतरणार नाही अशी काळजी करू नका, दोन मिनिटं जास्त ठेवा, कॅफिन आणि पॉलिफेनॉल्स उतरतात. उकळत्या पाण्यात उलट कडवटपणा वाढतो.

पायरी ४: करायची कशी

औषध म्हणून सगळ्यात सोपी आणि मोजमापात राहणारी पद्धत कपाची. पायरी २ प्रमाणे मोजलेली येर्बा, २०० मिली पाणी, झाकून ५ मिनिटं, गाळून, थोडं निवू देऊन प्यायचं. बस्स. दुसऱ्यांदा पाणी घातलं तर त्यातही थोडं कॅफिन येतं, ते मोजा.

भोपळ्यातली पद्धत करायची असेल तर भांडं अर्ध्याच्या थोडं वर येर्बानं भरा (पारंपरिक पद्धतीत पाऊण भरतात, ते नव्या माणसाला जड जातं), तोंडावर तळवा ठेवून उलटं करून हलवा म्हणजे बारीक भुकटी वर येते, मग तिरकं धरून सगळी येर्बा एका बाजूला डोंगरासारखी राहील असं बघा. खालच्या रिकाम्या बाजूला आधी कोमट पाणी घालून ते शोषू द्या, नळीचं वरचं तोंड अंगठ्यानं बंद करून ती तिथे रोवा, आणि नंतर पाणी नेहमी नळीजवळच थोडं थोडं ओता, कोरडा डोंगर कोरडाच राहू दे. नळीनं ढवळायचं नाही, ती तुंबते. चव पाणचट झाली की थांबायचं. आणि थर्मासमध्ये आधीच मोजून ३०० मिलीच पाणी भरा, कारण गप्पा मारताना किती झालं ते कुणालाच कळत नाही.

तिकडे एकच भोपळा आणि एकच नळी सगळ्यांत फिरते, सेबादोर म्हणजे भरून देणारा पहिला पितो, आणि ‘ग्रासियास’ (धन्यवाद) म्हणालं की तुमचं पुरे झालं असा अर्थ होतो. पद्धत गोड आहे, पण नळी शेअर केली की लाळेतनं पसरणारे आजार पण शेअर होतात, २०२० मध्ये कोविड आला तेव्हा तिकडे सुद्धा आपापला भोपळा वापरा असं सांगितलं गेलं. तब्येतीसाठी पिणाऱ्यानं स्वतःचंच भांडं ठेवावं. खऱ्या भोपळ्याला ओल राहिली की बुरशी धरते, म्हणून वापरून झालं की लगेच रिकामा करून धुवून तिरका ठेवून पूर्ण सुकवायचा, काळे-पांढरे ठिपके किंवा कुबट वास आला तर टाकून द्या. स्टील किंवा काचेचं भांडं घेतलं तर ही कटकटच नाही.

तिसरी पद्धत मला सगळ्यात जास्त पटते ती पराग्वेची, तेरेरे, म्हणजे गार पाण्यातली माते. चटक्याचा प्रश्नच मिटला. तिकडे गार पाण्याच्या जगमध्ये ताज्या औषधी वनस्पती उखळात ठेचून घालतात, ग्वारानी भाषेत त्यांना पोहा न्याना म्हणतात, पोटासाठी वेगळ्या, उष्णतेसाठी वेगळ्या, आणि हे ज्ञान घराघरांत पुढे जातं. २०२० मध्ये युनेस्कोनं तेरेरेची ही परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. करायला ५ ग्रॅम येर्बा अर्धा लिटर गार पाण्यात १५-२० मिनिटं, वाटलं तर पुदिना किंवा लिंबू. कॅफिन गार पाण्यातही उतरतं, उतरत नाही असं समजू नका.

पायरी ५: कशासाठी उपयोग होतो, कशासाठी होत नाही

तरतरी आणि एकाग्रता, हा फायदा पक्का आहे, कारण तो कॅफिनचा आहे. मेंदूत थकवा जाणवून देणारं ॲडेनोसिन ज्या जागांवर बसतं त्या जागा कॅफिन अडवतं. प्यायल्यावर अर्ध्या-पाऊण तासात असर येतो. व्यायामाआधी घेतली तर थोडी मदत होते, ती पण त्याच कारणानं.

कोलेस्टेरॉलचं बघितलं तर २००९ मध्ये ब्राझीलमधला एक अभ्यास आला, त्यात १०२ लोकांना दिवसातनं तीनदा ३३० मिली माते ४० दिवस दिली आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, साधारण ८-९ टक्क्यांनी उतरलं, आधीपासून स्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी चालू असलेल्यांत तर त्या गोळीच्या वर अजून उतरलं. आशा वाटावी असं आहे, पण एवढ्याशा काळाच्या अभ्यासावरनं हार्ट ॲटॅक कमी होतात असं कुणी म्हणू शकत नाही. म्हणून गोळी बंद करून माते हा प्रकार अजिबात नको, गोळी चालू, खाणं सुधारलेलं आणि त्याच्या जोडीला बिनसाखरेची माते, असं असेल तर दोन-तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल करून फरक पडतोय का ते बघा.

शुगरवर छोटे अभ्यास आहेत, निकाल थोडे चांगले आहेत, पण उपचार म्हणण्यासारखे नाहीत. उलट काही लोकांत कॅफिननं शुगर तात्पुरती वर जाते, ग्लुकोमीटर असेल तर स्वतःचं मोजून बघा.

वजनाबद्दल ज्या अभ्यासाचा सारखा दाखला देतात त्यात नुसती माते नव्हतीच, माते, ग्वाराना आणि दामियाना यांची मिश्र कॅप्सूल होती, त्यामुळे श्रेय कुणाचं ते सांगता येत नाही. भूक थोडी मरते एवढं धरा. साखर घालून प्यायलात तर तेही गेलं. कॅन्सर बरा होतो, लिव्हर साफ होतं, इम्युनिटी वाढते, हे सगळं प्रयोगशाळेतल्या पेशींवरनं उचललेलं आहे, यासाठी पिऊ नका.

पायरी ६: कुणी टाळायची, कुठल्या औषधांबरोबर नाही

हृदयाचे ठोके अनियमित असणारे, बीपी ताब्यात नसणारे, पॅनिक किंवा तीव्र ॲंग्झायटीचा त्रास असणारे, झोप न येणारे, ॲसिडिटी किंवा अल्सर चालू असणारे, यांनी डॉक्टरशी बोलल्याशिवाय नको. अन्ननलिकेचा काही आजार असेल किंवा घास अडकत असेल तर माते सोडा, आधी तपासणी. लहान मुलांना देऊ नका. गरोदरपणात कॅफिन शरीरातनं बाहेर पडायला खूप जास्त वेळ लागतो, एरवी निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात ते शेवटच्या महिन्यांत १५ तासांच्या आसपास जातं आणि ते बाळापर्यंत पोचतं, शिवाय धुराच्या रसायनांचा प्रश्न आहेच, त्यामुळे २०० ची मर्यादा असली तरी त्या काळात माते नकोच असं माझं स्पष्ट मत आहे. बीपीवाल्यांनी डॉक्टरनी हो म्हटल्यावरही प्यायच्या आधी आणि प्यायल्यावर तासाभरानं बीपी मोजून वहीत लिहावं, आठवडाभर.

औषधांचं जरा सावकाश वाचा. फ्लुवोक्सामिन हे डिप्रेशनचं औषध आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक, दोन्ही कॅफिन मोडणारं लिव्हरमधलं एन्झाइम अडवतात, मग एका कपाचा असर कितीतरी जास्त आणि लांब होतो. गर्भनिरोधक गोळ्यांनी पण कॅफिन शरीरात जास्त वेळ राहतं. दम्याचं थिओफायलिन कॅफिनचाच भाऊबंद, दोन्ही मिळून हातथरथर, मळमळ, धडधड. क्लोझापिन घेणाऱ्यांत कॅफिननं औषधाची पातळी वाढू शकते. लिथियम घेणाऱ्यांनी तर माते अचानक सुरू पण करू नये आणि अचानक बंद पण करू नये, कारण कॅफिन लिथियम लघवीवाटे बाहेर टाकतं आणि ते थांबलं की रक्तातलं लिथियम वर चढतं. सर्दीच्या गोळीतलं स्युडोएफेड्रिन आणि माते एकत्र नको. थायरॉइडची गोळी आणि लोहाच्या गोळ्या पाण्याबरोबर घ्या, माते थायरॉइडच्या गोळीनंतर तासाभरानं आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब, हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवणाबरोबर पण नको. हृदयाची औषध देऊन करतात ती स्ट्रेस टेस्ट असेल तर किमान २४ तास आधी कॅफिन बंद, नाहीतर टेस्ट फसते. सिगारेट ओढणाऱ्यांत कॅफिन लवकर मोडतं, त्यामुळे सिगारेट सोडली की तेवढीच माते अचानक जास्त लागायला लागते, तेव्हा निम्मी करा.

पायरी ७: वेळ, धोक्याच्या खुणा आणि बंद करताना

सकाळी नाश्त्यानंतर, आणि दुसरी वेळ फार तर दुपारी दोनच्या आत. रिकाम्या पोटी काहींना मळमळतं. हात थरथरणं, चिडचिड, जुलाब, झोप तुटणं सुरू झालं की डोस निम्मा, दोन-तीन दिवसांत फरक नाही पडला तर बंद. छातीत दुखणं, ठोके चुकणं, चक्कर येऊन पडणं, याला घरी थांबायचं नाही. लघवी गडद होणं आणि डोळे पिवळे दिसणं हे लिव्हरचं लक्षण असू शकतं, कुठलाही हर्बल चहा चालू असताना दिसलं तर चहा थांबवून डॉक्टरांना नावासकट सांगा. बरेच लोक डॉक्टरांना ‘काही औषध चालू नाही’ सांगतात कारण चहाला ते औषध धरतच नाहीत.

रोज महिनोन्‌महिने प्यायलेली माते एकदम सोडली तर १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं, सुस्ती येते, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि आठवडाभर टिकू शकतं. म्हणून दर तीन-चार दिवसांनी पाव भाग येर्बा कमी करत जा. ऑपरेशन ठरलं असेल, गरोदरपणाचा विचार असेल किंवा वर लिहिलेल्यातलं एखादं औषध सुरू होणार असेल तर हे कमी करणं दोन आठवडे आधीच सुरू करा. लिथियम चालू असेल तर मात्र कमी करायचा हा हिशोब तुमचा नाही, तो डॉक्टरनी रक्ततपासणी करत ठरवायचा.